ऑगस्टमधला दूधसागर: सांगलीच्या एका कुटुंबाच्या गोवा सहलीचे प्रकरण

गोव्यात फोंडा तालुक्यात मार्दोळजवळ आमच्या कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागेला, लागून पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. उच्च माध्यमिक विद्यालयात वाणिज्य शिकवून निवृत्त झाल्यावर आम्ही उभयतांनी त्या सुरू केल्या. वर्गात मी वर्षानुवर्षे दुसऱ्यांची प्रकरणे फळ्यावर मांडली. हे प्रकरण मात्र माझ्याच सोप्यावर, १४ ते १७ ऑगस्ट २०२५ या चार दिवसांत घडले. संबंधित कुटुंबाची परवानगी घेऊन, नावे वगळून ते येथे नोंदवीत आहे. एका कुटुंबावरून सर्व पर्यटकांविषयी बोलता येत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु प्रवासाचे व्हिडिओ माणसाच्या सुट्टीत नेमके कोठे शिरतात आणि कोठे थांबतात, हे या कुटुंबात इतके स्पष्ट दिसले की ते लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले.

कुटुंब आणि त्यांची जुनी वाट

एकूण माणसे सात: आजी, त्यांचा मुलगा व सून, सोळा वर्षांची नात, दहा वर्षांचा नातू, आणि सुनेचा भाऊ त्याच्या पत्नीसह. कुलदेवता मार्दोळची म्हाळसा. सांगली-मिरज भागातील अशा अनेक घरांना गोवा प्रथम कुलदैवतामुळे माहीत झाला, समुद्र नंतर आला. आजींच्या सांगण्यानुसार त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या फेरीत मिरजेहून मीटरगेजच्या गाडीने येणे, देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या निवासात, उतरणे, अभिषेक, मंगेशीला जाऊन येणे आणि शेवटच्या संध्याकाळी पणजीला मिरामारच्या वाळूवर तासभर बसणे, इतकाच कार्यक्रम असे. कोठे जायचे हे सासरे आणि देवळातले भटजी ठरवीत. त्या प्रवासात वेळ, वाट आणि ऋतू यांची माहिती ठिकाणाच्या माहितीपासून वेगळी नव्हती, कारण सांगणारा माणूस त्याच वाटेने, त्याच महिन्यात जाऊन आलेला असे.

या वेळी निर्णय वेगळ्या रीतीने झाला. स्वातंत्र्यदिन शुक्रवारी आल्याने तीन दिवसांची सलग सुट्टी मिळत होती. गोव्याला जायचे, हे आजींच्या दर्शनाच्या इच्छेमुळे जुलैतच ठरले होते, आणि त्यात कोणत्याही व्हिडिओचा हात नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवितो. व्हिडिओंमुळे लोक गोव्याला येतात असे सरसकट म्हटले जाते, पण गोव्याचे नाव कोणत्याही रीलची वाट पाहत थांबलेले नाही. राज्य सरकारच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये येथे सुमारे १ कोटी ४ लाख पर्यटक आले आणि त्यांतील जेमतेम पावणेपाच लाख विदेशी होते. म्हणजे येणारा बहुतेक जण देशातलाच, आणि त्याने गोव्याचे नाव लहानपणापासून ऐकलेले. व्हिडिओचे काम त्यानंतर सुरू होते. गोव्यात आल्यावर कोठे उभे राहायचे, हे तो ठरवतो.

यादी

पहिल्या रात्री जेवणानंतर मी सर्वांसमोर एक कोरा कागद ठेवला आणि त्यांना पाहायची असलेली ठिकाणे, व प्रत्येक ठिकाण कोठून कळले ते, लिहायला सांगितले. शिक्षकाची खोड जात नाही. कागदावर अकरा नावे आली. पर्रा येथील माडांचा रस्ता, पणजीतील फोंताइन्हास ही जुनी वस्ती, दूधसागर धबधबा, बटरफ्लाय बीच, काब द रामचा किल्ला, दिवाडी बेटाची फेरीबोट आणि आश्वे किनाऱ्यावरच्या शॅकमधील, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या उपाहारगृहातील, सूर्यास्त, ही सात नावे नातीच्या फोनमधून, म्हणजे छोट्या रील्समधून आली. मांडवीतील बोटीची सफर तिच्या मामाने पंचवीस-तीस मिनिटांच्या एका लांब व्हिडिओत पाहिली होती. उरलेली तीन, म्हणजे म्हाळसा, मंगेशी आणि जुने गोवे, ही आजी व त्यांच्या मुलाच्या आठवणीतली. वडील हसून म्हणाले, "गाडी माझी, पैसे माझे, यादी हिची." घरातील अधिकाराची ही उलथापालथ मला या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची बाब वाटते. मुलांच्या हौसेने सहली पूर्वीही होत. परंतु मुलांकडे वडीलधाऱ्यांपेक्षा अधिक माहिती आहे, असे घरानेच मान्य करणे ही गोष्ट नवी आहे.

नातीने आपला फोन उघडून साठवलेल्या रील्सचे दालन मला दाखविले. त्यात गोव्याची चाळीसच्या वर दृश्ये होती. ती म्हणाली की, पहिल्या दोन-तीन तिने शोधल्या, मग फोनच आणू लागला. यात गूढ काही नाही: एखादे दृश्य माणूस पुन्हा पाहतो, साठवतो किंवा मैत्रिणीला पाठवतो, तेव्हा प्रणाली त्याला त्याच जातीचे आणखी दाखवते. त्यामुळे चाळीस रील्स म्हणजे चाळीस ठिकाणे नव्हती. तीच सात ठिकाणे पुनःपुन्हा, जवळजवळ त्याच कोनातून आली होती. पर्ऱ्याचा रस्ता अकरा वेळा होता. एवढ्यांदा पाहिल्यावर "तिथे सगळेच जातात" ही समजूत आपोआप तयार होते. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि लगेच जुलैत इन्स्टाग्रामने येथे रील्स सुरू केले. तेव्हा त्यांची मर्यादा पंधरा सेकंदांची होती, २०२५ च्या सुरुवातीला ती तीन मिनिटांपर्यंत गेली. नातीच्या दालनातील बहुतेक दृश्ये मात्र अर्ध्या मिनिटाच्या आतली होती.

मी त्यांतील वीस दृश्ये तिच्यासोबत बसून पाहिली आणि प्रत्येकासाठी एकच प्रश्न विचारला: हे कोणत्या महिन्यात टिपले आहे? चार दृश्यांबाबत उत्तर देता आले. तारीख बटणाआड कोठेतरी असते, पण ती प्रसिद्ध केल्याची, चित्रीकरणाची नव्हे. बटरफ्लाय बीचचे पाणी निळे होते, म्हणजे ते डिसेंबर-जानेवारीचे असावे. दूधसागर भरून वाहत होता पण जीप कोरड्या वाटेवर उभी होती, म्हणजे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरचे. नात हुशार आहे, असे अनुमान तिनेही पटकन केले असते. पण हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता, आणि ते दृश्यही विचारू देत नव्हते.

मामाचा लांब व्हिडिओ मात्र वेगळ्या जातीचा होता. त्यात पेट्रोलपासून जेवणापर्यंतचा खर्च होता, गाडी कोठे लावावी हे होते, आणि गोव्यात ओला-उबर चालत नाहीत, टॅक्सीसाठी गोवामाईल्स हे ॲप आहे, अशी बरोबर माहितीही होती. तो करणाऱ्या तरुणाविषयी मामा "आपला दादा" असे बोलत होता. त्याला तो कधी भेटलेला नाही. दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात, १९५६ मध्ये, हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी प्रेक्षकाच्या या एकतर्फी आपुलकीचे वर्णन केले होते. मराठीत बोलणारा, आपल्यासारखाच घरच्या डब्यातली चपाती खाणारा माणूस कॅमेऱ्यात पाहून ही आपुलकी अधिकच दाट होते. माझे मत असे की ती आपुलकी नेहमीच फसवी नसते. या प्रकरणात तिने मामाला चांगली सेवा दिली.

मामीचा अनुभव उलट होता. आधी तिला हणजूण बाजूच्या, तलाव असलेल्या एका बंगल्यात राहायचे होते. त्या बंगल्याच्या रीलवर भाव नव्हता, आणि मोबदला घेऊन तो व्हिडिओ केला आहे की नाही, हेही लिहिलेले नव्हते. फोन केल्यावर लांब सुट्टीचा दर ऐकून बेत बारगळला. अशा जाहिरातींसाठी जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ पासून आहेत. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियम काढले, आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरील शिफारसींसाठी स्वतंत्र सूचना दिल्या. मोबदला असेल तर तो सोप्या शब्दांत, सहज दिसेल असा सांगावा, हे त्यांचे सार. दिशाभूल सिद्ध झाल्यास दंड दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत होऊ शकतो. कायदा कडक आहे, पण तो खोट्या दाव्याला पकडतो. न सांगितलेल्या महिन्याला पकडत नाही.

काय जमले, काय राहिले

व्हिडिओंतून आलेल्या आठ ठिकाणांपैकी तीन ऑगस्टात मुळातच शक्य नव्हती. बटरफ्लाय बीचला पाळोळेहून होड्या जातात, आणि पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात त्या बंद असतात. शॅक हंगामी असतात. पावसाळ्यापूर्वी मोडून ठेवतात आणि पाऊस सरल्यावर पुन्हा उभारतात, त्यामुळे आश्वेच्या वाळूवर सूर्यास्तही ढगात आणि शॅकही गोदामात. दूधसागरविषयी पुढे सविस्तर लिहितो.

शुक्रवारी पर्ऱ्याला जायला निघाले, तेव्हा पर्वरीत उन्नत मार्गाचे काम आणि सुट्टीची गर्दी यांमुळे गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. पर्ऱ्याला पोचायला पावणेबारा वाजले. रीलमधला रस्ता रिकामा होता, कारण तो पहाटे टिपलेला होता. प्रत्यक्षात रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग होती आणि ज्याला त्याला माडांच्या मधोमध एकट्याने उभे राहायचे होते. भाजी घेऊन स्कूटरवरून घरी निघालेली एक स्थानिक बाई हॉर्न वाजवून थकली, असे सुनेने मला संध्याकाळी ओशाळून सांगितले. या रस्त्याला वैतागाचा इतिहास आहे. एका हिंदी चित्रपटात दिसल्यापासून तेथे गर्दी वाढली, कचरा वाढला, आणि २०२१ च्या सुरुवातीला पंचायतीने छायाचित्रे व चित्रीकरणासाठी शंभर ते पाचशे रुपये कर लावल्याचा फलक लावला. देशभर टीका झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. पंचायतीचा उपाय कच्चा होता हे खरे, पण टीका करणाऱ्यांपैकी किती जणांच्या दारासमोर रोज परकी माणसे रस्ता अडवून उभी राहतात, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पर्रा हे मनोहर पर्रीकरांचे गाव, आणि त्या गावाची कलिंगडे एके काळी प्रसिद्ध होती. अकरा रील्सपैकी एकाही रीलने हे या कुटुंबाला सांगितले नव्हते.

फोंताइन्हासमध्ये ते पंचवीस मिनिटे होते. निळी-पिवळी घरे पाहिली, एका दारावर छायाचित्रे काढू नयेत अशी पाटी होती ती नातवाने मोठ्याने वाचली, आणि सगळे मुकाट पुढे सरकले. पर्यटन खात्यानेही जानेवारी २०२३ मध्ये, परवानगीविना इतरांची छायाचित्रे घेऊ नयेत आणि धोक्याच्या जागी सेल्फी काढू नये, अशी सूचना काढली होती. दिवाडीची फेरी जुन्या गोव्याला लागूनच असल्याने शनिवारी सकाळी दोन्ही जमले. नदी परिवहन खात्याची ही बोट पलीकडच्या गावकऱ्यांची रोजची वाहतूक आहे. गाड्यांची रांग पाहून वडिलांनी शहाणपणा केला, गाडी अलीकडेच ठेवली आणि सर्व जण पायी चढले. काब द राम आणि मांडवीची सफर वेळेअभावी राहिली.

हिशेब मांडला तर व्हिडिओतील आठांपैकी तीन आणि आठवणीतील तीनांपैकी तीनही ठिकाणे पाहून झाली. पण ही तुलना निर्दोष नाही, कारण म्हाळसा व मंगेशी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत. तरी एक गोष्ट उरतेच. अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या या देवळांच्या मुलखात, चार दिवस राहूनही नातीच्या चाळीस दृश्यांत येथले एकही नव्हते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या भयाने वेर्ण्याहून म्हाळसा आणि कुठ्ठाळीहून मंगेश येथे आणले गेले, ही गोष्ट आजींनी तिला मार्दोळच्या तळीच्या पायरीवर बसून सांगितली. बाहेर फुलकारिणी जायांच्या माळा गुंफत होत्या. त्यांपैकी एकीला विचारून नातीने तिच्या बोटांचे चित्रीकरण केले. यादीत नसलेले तिचे ते पहिले चित्रीकरण होते.

माझ्या स्वतःच्या घरातील दोष

येथे मला माझे हितसंबंध उघड केले पाहिजेत. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे उतरलेल्या एका तरुणाने कुळागरातील तळीचा व्हिडिओ केला. सुपारीच्या बागेला पाणी देण्यासाठी वझऱ्याचे, म्हणजे झऱ्याचे, पाणी अडवून केलेली ती तळी आहे, पोहण्याची नव्हे. त्यानंतर काही महिने फोनवर पहिला प्रश्न "स्विमिंग पूल चालू आहे ना?" हाच असे. खोल्या भरल्या, हे मी नाकारत नाही; पण दोन वेळा पाहुणे थेट तळीत उतरले आणि खालच्या पाटाचे पाणी दोन दिवस गढूळ राहिले. मी त्या तरुणाला व्हिडिओत दुरुस्ती करण्याची विनंती केली. त्याने ती सौजन्याने मान्य केली आणि मथळ्याखाली एक ओळ टाकली. ती कोणी वाचल्याचे मला जाणवले नाही. तेव्हापासून मी फोनवर खोलीचा भाव सांगण्याआधी तळीचा खुलासा करतो.

दूधसागर

दूधसागरसाठीच नातीने सगळी सहल मान्य केली होती. सुमारे ३१० मीटर उंचीचा, चार टप्प्यांत कोसळणारा हा धबधबा भगवान महावीर अभयारण्यात आहे. पायथ्याच्या कुळे गावाहून जंगलातल्या वाटेने, ओढे ओलांडून जीप जातात, आणि त्या साधारणपणे पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात सुरू होतात. ऑगस्टात त्याच ओढ्यांना पूर असतो. म्हणजे धबधबा ज्या दिवसांत सर्वांत मोठा असतो, त्या दिवसांत तेथे जाण्याची वाट बंद असते. ही विसंगती निसर्गाची आहे, पण फोनवर दोन्ही गोष्टी एकाच दृश्यात येतात, आणि पाहणाऱ्याला पुराचे पाणीही हवे असते व जीपची वाटही.

पर्याय म्हणून नातीने दुसरी रील दाखविली: रुळांवरून चालत जाणारे तरुण. मी तिला जुलै २०२३ ची घटना सांगितली. त्या रविवारी रुळांवरून धबधब्याकडे निघालेल्या गर्दीला अडवून काहींना उठाबशा काढायला लावल्या होत्या, आणि तो प्रसंगही, अर्थातच, व्हिडिओ होऊनच देशभर पोचला. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार रुळांवर विनापरवानगी जाणे हा गुन्हा आहे. त्याच महिन्यात नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले होते, आणि वनखात्याने अभयारण्यातील धबधब्यांवर प्रवेशबंदी केली होती. नात गप्प झाली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो माझ्यावर असावा.

तेव्हा इतका वेळ सुपारी कातरीत बसलेल्या आजी म्हणाल्या, "अहो मास्तर, आम्ही तर तो दरवेळी बघायचो. गाडीतून."

हा खुलासा ऐकून मलाही लाज वाटली, कारण मी स्वतः तो विसरलो होतो. वास्कोहून दुपारी सुटणारी गोवा एक्सप्रेस मडगाव, कुळे करीत कॅसलरॉकचा घाट चढते, धबधब्यासमोरच्या पुलावरून जाते आणि रात्री मिरजेला पोचते. घाटात चढ सदतीस फुटांमागे एक फूट इतका तीव्र असल्याने गाडी हळू चालते. येताना हीच गाडी तेथून अंधारात जाते, म्हणून परतीचा प्रवासच उपयोगाचा. २०२३ च्या प्रसंगानंतर रेल्वेनेही लोकांना आवाहन केले होते की, धबधबा डब्यात बसूनच पाहावा. मिरजेच्या माणसाला दूधसागर दाखविणारी गाडी त्याच्याच गावच्या स्थानकावर थांबते, ही माहिती घरातच होती. ती सांगण्यासाठी घरात जागा मात्र उरली नव्हती. आजींना यादीच्या वेळी का बोलला नाहीत असे विचारले, तर त्या म्हणाल्या, "मला वाटलं, ह्यांचा दूधसागर वेगळा असेल."

शनिवारी तत्काळमध्ये मामाने प्रयत्न केला. सात जागा मिळणे शक्यच नव्हते; तीन मिळाल्या. रविवारी दुपारी आजी, नात आणि मामा मडगावला गाडीत बसले, बाकीचे चोर्ला घाटाने मोटारीतून निघाले.

रात्री उशिरा नातीने मला व्हॉट्सॲपवर तिचा व्हिडिओ पाठविला. एकोणीस सेकंदांचा. खिडकीच्या गजांतून आधी नुसता पांढरा ढग दिसतो, मग गाडी पुलावर येते, ढग जरा बाजूला होतो आणि पाण्याचा अर्धाच पडदा दिसून पुन्हा झाकतो. मागून डब्यातल्या माणसांचा गलका आणि आजींचा "बघ, बघ" असा आवाज. तिच्या साठवलेल्या दृश्यांच्या शेजारी ठेवला तर तो फिकाच म्हणावा लागेल. तिने तो आपल्या खात्यावर टाकला आणि खाली स्वतःहून लिहिले: "१७ ऑगस्ट, गोवा एक्सप्रेस, मडगाव ते मिरज." दुसऱ्या दिवशी मी पाहिले तेव्हा त्याखाली पहिलाच प्रश्न होता: "तिथे उतरता येतं का?" तिने उत्तर दिले होते, "नाही. ऑक्टोबरनंतर कुळ्याहून जीप." त्याच्याही खाली आणखी दोघांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला होता.